कुंडलिनी जागृती आणि मनाचा आजार : घरच्यांनी आधी काय पाहावं?

डिसेंबर १९३७. जम्मूतले सरकारी नोकर गोपी कृष्ण नेहमीप्रमाणे पहाटे ध्यानाला बसले होते. वय चौतीस आणि सतरा वर्षांचा नेम. त्या पहाटे त्यांना पाठीच्या कण्याच्या तळाशी एक वेगळीच संवेदना जाणवली. मग धबधब्यासारखा आवाज ऐकू आला आणि कण्यातून वर चढलेला प्रकाशाचा लोट थेट मेंदूत शिरला. आपण देहाएवढे उरलेलो नाही, सगळीकडे पसरलो आहोत, असं त्यांना वाटलं.

योगाच्या पुस्तकांत इथे आनंदाचं वर्णन सुरू होतं. गोपी कृष्णांच्या आयुष्यात मात्र हाल सुरू झाले. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, अंगाची लाही लाही होऊ लागली. बायकोमुलांबद्दलची माया आटल्यासारखी झाली आणि आपण वेडे होतोय या भीतीनं त्यांना ग्रासलं. कण्याच्या तळाशी सुप्त असल्याचं मानतात ती कुंडलिनी शक्ती पिंगलेतून, म्हणजे उष्ण नाडीतून, वर चढली असावी असं वाटून एका रात्री त्यांनी मनानं इडेचं, म्हणजे शीतल नाडीचं, ध्यान केलं, तेव्हा थोडा उतार पडला. मग ठरावीक वेळानं थोडं थोडं खाण्याची शिस्त त्यांनी पाळली. सावरायला वर्षं लागली. १९६७ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. त्यावर जेम्स हिलमन या मानसशास्त्रज्ञानं भाष्य लिहिलं आणि कुंडलिनी हा विषय पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचला.

त्या पुस्तकाचं मोल त्यातल्या प्रकाशापेक्षा प्रामाणिकपणात आहे. अनुभव कितीही भव्य असला तरी माणूस झोपला नाही आणि जेवला नाही तर मरणाच्या दारात जातो, हे त्यांनी लपवलं नाही.

मराठी घरांना हा विषय परका नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं नावही नाही, पण त्याच अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी तिचं सविस्तर वर्णन केलं आणि ते सातशे वर्षं पारायणांतून कानांवर पडत आलं. पुण्याच्या वासुदेव निवासातली गुळवणी महाराजांची शक्तिपाताची, म्हणजे गुरूनं शिष्यातली शक्ती जागवण्याची, परंपरा आणि गणेशपुरीचा मुक्तानंदांचा आश्रम अनेकांना ठाऊक आहे. साधनेत आपोआप होणाऱ्या हालचालींना ‘क्रिया’ म्हणतात, हेही पुष्कळांच्या कानांवरून गेलेलं असतं. म्हणून घरातला कुणी रात्र रात्र जागू लागला, डोळे मिटून डोलू लागला, ‘मला दिसतंय’ म्हणू लागला, की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘कुंडलिनी जागी झाली असेल.’

असं म्हणण्यात श्रद्धा असते तशी भीतीही असते. मुलाला मनाचा आजार झालाय हे मान्य करण्यापेक्षा त्याला काहीतरी उच्च प्राप्त होतंय हे मान्य करणं आईबापांना सोपं जातं. लग्नाचं काय, नोकरीचं काय, लोक काय म्हणतील, हे प्रश्न मग पुढे ढकलता येतात. पण सायकोसिसमध्ये, म्हणजे माणसाचा वास्तवाशी धागा तुटतो त्या अवस्थेत, उपचार जितके लवकर सुरू होतील तितका तो पूर्ववत होण्याचा संभव जास्त असतो. अशा वेळी वाट पाहण्यात गेलेले महिने फार महागात पडतात.

उलट चूकही होते. ध्यानात अंग थरथरलं, डोळ्यांतून पाणी आलं, पाठीत ऊब जाणवली, एवढ्यावरून कुणाला ‘मनोरुग्ण’ ठरवून गोळ्या सुरू करणं हाही अन्यायच. मुक्तानंदांनी ‘चित्शक्ती विलास’ या आत्मचरित्रात स्वतःच्या साधनेतल्या भयंकर दिवसांबद्दल मोकळेपणानं लिहिलं आहे. आपलं डोकं फिरलं अशी त्यांची खात्री होत चालली होती. मग एका पुस्तकात अशाच क्रियांचं वर्णन त्यांना सापडलं आणि भीती ओसरली. आपल्याला होतंय ते दुसऱ्यालाही झालं होतं, एवढं कळण्यानंसुद्धा मोठा आधार मिळतो.

मग ओळखायचं कसं? इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कुंडलिनी जागी झाली की नाही हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. ना रक्ताची, ना स्कॅनची. त्यामुळे ‘ही कुंडलिनी आहे का?’ या प्रश्नावर घरात वाद घालत बसण्यात अर्थ नाही. त्याचं उत्तर मिळालं तरी आज रात्री काय करायचं हे कळत नाही. घरच्यांनी वेगळे प्रश्न विचारावेत. माणूस झोपतो का? जेवतो का? स्वतःच्या अनुभवाकडे थोडं लांबून पाहू शकतो का? रोजची कामं निभावतो का? आणि त्याच्यापासून त्याला किंवा इतरांना धोका आहे का? यांची उत्तरं सामान्य माणसालाही देता येतात आणि उपचार त्यांवरच ठरतात.

या प्रश्नांमागे अभ्यासही आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ली सॅनेला यांनी १९७६ मध्ये कुंडलिनी आणि सायकोसिस यांवर पुस्तक लिहिलं. त्यांनी पाहिलेल्या बऱ्याच लोकांना पायांतून पाठीवाटे डोक्यापर्यंत चढणाऱ्या मुंग्या, उष्णता, आतले आवाज आणि प्रकाश असे अनुभव येत होते. तरी ही माणसं त्याबद्दल शांतपणे बोलू शकत होती आणि ‘मला हे होतंय, हे विचित्र आहे’ एवढं भान त्यांना होतं. ख्रिस्टिना ग्रोफ यांना पहिल्या बाळंतपणात अशा लाटा सुरू झाल्या आणि पुढे मुक्तानंदांच्या सहवासात त्या वाढल्या. त्यांनी आणि त्यांचे मनोविकारतज्ज्ञ पती स्टॅनिस्लाव ग्रोफ यांनी ‘आध्यात्मिक आणीबाणी’ची कल्पना मांडली आणि अशा लोकांना मदत मिळावी म्हणून १९८० मध्ये एक जाळं उभारलं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९९४ पासून ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ असा वेगळा वर्ग आहे. त्याला आजार म्हटलेलं नाही. म्हणजे प्रत्येक आध्यात्मिक अनुभव हा रोग, असं आधुनिक वैद्यक म्हणत नाही. त्याच १९९४च्या पुस्तिकेच्या परिशिष्टात चीनमधल्या चीगोंग साधनेनंतर होणाऱ्या मानसिक विकाराचीही नोंद होती. साधनेतून अनुभव येतात आणि साधनेतून माणूस आजारीही पडतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ध्यानाचे त्रास हा आता संशोधनाचा विषय झाला आहे. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं. चिंता आणि उदासी सर्वांत जास्त. बहुतेकांना ध्यानाचा त्रास होत नाही हे खरं. पण ‘ध्यानानं कुणाचंच वाईट होत नाही’ हे वाक्य आता कुणी बोलू नये.

आधी शरीराकडे पाहावं. कुंडलिनीची म्हणून सांगितली जाणारी कितीतरी लक्षणं साध्या किंवा गंभीर शारीरिक कारणांनी होतात. भस्त्रिका, कपालभाती जोरात आणि बराच वेळ केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, घेरी येते, हातांची बोटं वाकडी होऊन आखडतात. श्वास संथ केला की हे थांबतं. थायरॉइड वाढला की अंगात उष्णता, छातीत धडधड, हातांना कंप आणि झोपेचं खोबरं होतं. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास दिसते. त्यानं हातापायांना झिणझिण्या येतात, आणि कमतरता फार झाली तर भ्रमही होऊ शकतो. मेंदूच्या टेम्पोरल भागातल्या अपस्माराची सुरुवात अनेकांना पोटातून वर चढणाऱ्या लाटेनं होते. कधी नसलेला वास येतो, कधी ‘हे आधी घडलंय’ असं वाटतं, क्वचित अपार आनंदही होतो. अशा माणसाला फिट येऊन खाली पडायलाच हवं असं नाही. तरुण मुलींमध्ये मेंदूला सूज आणणारा एक प्रतिकारशक्तीचा आजार अचानक वेडसरपणानं सुरू होतो. तो वेळीच ओळखला तर बरा होऊ शकतो. आणि गांजा, भांग? घरच्यांना शंका येणार नाही अशा मुलांच्याही खिशात ती असू शकतात. यातलं बरंचसं रक्ताच्या चाचण्या, ईईजी आणि एका मोकळ्या प्रश्नावर बाहेर येतं.

शरीर तपासल्यावर वेळ येते मनाची, आणि तिथे सर्वांत भरवशाची खूण म्हणजे झोप. मॅनियाच्या झटक्यात माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. दोन तास झोपून तो ताजातवाना उठतो. बोलणं धावू लागतं, खर्चाला धरबंध राहत नाही, आपल्यावर विशेष कार्य सोपवलं गेलंय अशी खात्री होते. हे सगळं साधकाच्या तेजासारखं दिसू शकतं. म्हणून घरात एक वही ठेवावी. रोज तारीख घालून लिहावं : किती वाजता झोपला, किती वाजता उठला, काय खाल्लं, वेगळं काय बोलला. ‘सोमवारी चार तास, मंगळवारी दोन, बुधवारी झोपलाच नाही, रात्री तीनला गच्चीवर’ अशी चार ओळींची नोंद डॉक्टरांना तासभराच्या आठवणींपेक्षा अधिक उपयोगी पडते. सलग दोन-तीन रात्री झोप नसेल तर कारण काहीही असो, डॉक्टरांकडे न्यावं.

काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नये. आवाज ऐकू येतात आणि ते आज्ञा देतात. कुणीतरी मागावर आहे, जेवणात विष घालतंय, टीव्हीवरून आपल्याशी बोलतंय अशी पक्की खात्री. मरण्याची भाषा, किंवा ‘देह सोडायचा आहे’ असं म्हणणं. साधकाच्या तोंडचं हे वाक्य केवळ वैराग्य समजून सोडून देऊ नये. खाणंपिणं बंद होणं, कुणावर हात उगारणं, आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत आईचं बदललेलं वागणं. बाळंतीण आई ‘बाळ देवाचा अवतार आहे’ असं सांगू लागली तर ती बाळाच्याही जिवाची गोष्ट असते.

ज्यांना आधीपासून स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे, त्यांच्यासाठी वेगळी ताकीद हवी. १९७९ मध्ये वॉल्श आणि रोश या संशोधकांनी तीन रुग्णांची हकीकत नोंदवली. तिघांना पूर्वी स्किझोफ्रेनिया होऊन गेला होता आणि तीव्र ध्यानसाधनेत तिघांनाही पुन्हा झटका आला. तीव्र ध्यान, उपवास, जागरण आणि नेहमीची औषधं बंद करणं, हे सगळं एकत्र आलं की धोका होतो, असा त्यांचा इशारा होता. आजही शिबिराला जाताना ‘तिथे गोळ्या कशाला?’ म्हणून डबी घरी ठेवली जाते. बायपोलरवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी तर कडक उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि त्याची विषबाधा होते. निर्जळी एकादशी अशा माणसानं करू नये. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं दिसलं तर तडक रुग्णालय गाठावं.

‘पण औषधानं साधना मारली जाईल’ ही शंका मनापासूनची असते आणि तिला उत्तर द्यायला हवं. रामकृष्ण परमहंसांचं वागणं पाहून आजूबाजूच्यांना ते वेडे वाटले, तेव्हा कलकत्त्याच्या वैद्यांकडून त्यांच्यावर उपचार झाले. पुढे १८६१ मध्ये भैरवी ब्राह्मणी या तांत्रिक साधिकेनं त्यांच्या अवस्थेला महाभाव, म्हणजे ईश्वरप्रेमाची परमोच्च अवस्था, म्हटलं. मधल्या काळात औषध पोटात गेलं म्हणून त्यांची साधना थांबली नाही. दुसरं उदाहरण महाराष्ट्रातलं. मेहेरबाबांनी १९३६ मध्ये राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला. तिथे त्यांना न्हाऊमाखू घातलं जाई, खाऊपिऊ घातलं जाई. देवाच्या प्रेमात बेभान झालेल्यांना मेहेरबाबा ‘मस्त’ म्हणत आणि सर्वसाधारण वेड्यांपासून त्यांना वेगळं मानत. त्यांचे अनुयायी डॉ. विल्यम डाँकिन यांनी या मस्तांवर १९४८ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. मस्तांना इतका मान देणाऱ्या या परंपरेनंही प्रत्येक भ्रमिष्टाला संत मानलं नाही.

औषधांचे त्रास होतात. वजन वाढतं, सुस्ती येते, अंग आखडतं, ध्यानाला बसलं की डुलकी लागते. हे डॉक्टरांना सांगावं. डोस बदलतो, गोळी बदलते. मनानं बंद करू नये, आणि डॉक्टर पटले नाहीत तर डॉक्टर बदलावेत पण उपचार सोडू नयेत.

गुरूकडूनही काही अपेक्षा ठेवायला हरकत नाही. गीतेच्या त्याच सहाव्या अध्यायात सांगितलंय की फार खाणाऱ्याला किंवा उपाशी राहणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला किंवा सतत जागणाऱ्याला योग साधत नाही. हठयोगप्रदीपिका बजावते की प्राणायाम चुकीचा झाला तर रोग होतात आणि श्वास हळूहळूच ताब्यात आणायचा असतो. म्हणजे झोप आणि अन्न सांभाळा, घाई करू नका, हा सल्ला परंपरेचाच आहे. ज्या शिबिरात प्रवेशाआधी पूर्वीच्या मानसिक आजाराबद्दल विचारतात ते जबाबदार समजावं. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातल्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात हे विचारलं जातं आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिराची शिफारस केली जात नाही. तिथे खरं लिहावं. ‘गोळ्या फेकून द्या, मी बघतो’ म्हणणाऱ्या गुरूकडून मात्र त्याच पावली परत यावं. त्रास सुरू झालेल्या साधकाला ‘अजून जोर लाव’ म्हणणाराही टाळावा. अशा वेळी साधना काही काळ पूर्ण थांबवणं, वेळेवर पोटभर जेवणं, उजेडात चालणं, मातीत किंवा स्वयंपाकघरात हातानं काम करणं आणि एकटं न राहणं, याचा अनेक साधकांना उपयोग झाला आहे. सौम्य त्रासात हे पुरेसं ठरू शकतं. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा असतील तर यावर विसंबून राहू नये.

त्रास होणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, हे घरच्यांना सर्वांत अवघड जातं. ‘हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हटलं की तो बोलणंच बंद करतो. ‘हो रे, तू अवतारच आहेस’ म्हणणं तर त्याहून वाईट. आईनं म्हणावं, ‘बाळा, तुला काय दिसतं ते मला दिसत नाही. पण चार रात्री तू झोपला नाहीस, एवढं मला दिसतंय. झोपेसाठी तरी डॉक्टरांकडे जाऊया, मी येते सोबत.’ झोपेच्या तक्रारीवरून दवाखान्यात यायला अनेकजण तयार होतात. डॉक्टरांपुढे साधना लपवू नये. कोणती साधना, रोज किती तास, कुणाचा अनुग्रह, उपवास किती, सगळं सांगावं. घराण्यात कुणाला असा आजार होता का, हेही. ‘काका थोडे विक्षिप्त होते’ म्हणून टाळलेल्या वाक्यात कधी कधी निदानाचा धागा असतो.

आणि बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं हे कुणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवावं. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका निवासात आग लागली तेव्हा साखळदंडानं बांधलेले मनोरुग्ण पळूच शकले नाहीत. २८ जणांचा जीव गेला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे.

मदत दूर नाही. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मनोविकार संस्था आहे. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांबरोबर घरच्यांनाही आधार देते. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये ठेवा, आणि घरात कुणाची झोप उडाली असेल तर उद्यावर न ढकलता आज फोन करा.